गेलर्टची कबर आणि आजीचं मुंगूस

आजी मुंगसाची गोष्ट सांगायची तेव्हा एका ठिकाणी तिचा आवाज दरवेळी जड व्हायचा. बाई पाणी भरून घरी येते. दारात मुंगूस धावत येतं. त्याच्या तोंडाला रक्त, आणि घरात तान्हं मूल एकटं. बाई मागचापुढचा विचार न करता डोक्यावरची भरली घागर त्याच्या अंगावर टाकते. पुढचा भाग, म्हणजे पाळण्यात हातपाय हलवणारं बाळ आणि खाली पडलेले नागाचे तुकडे, आजी भराभर उरकायची. ती रेंगाळायची त्या धावत येण्यापाशी. "शाबासकी घ्यायला आलं होतं गं ते," म्हणायची, आणि पदराने डोळे टिपायची.

उत्तर वेल्समधल्या बेदगेलर्ट गावात याच गोष्टीची कबर आहे. तिथे मुंगूस नाही, कुत्रा आहे. नाग नाही, लांडगा आहे. आणि घागर टाकणाऱ्या बाईच्या जागी तलवार उपसणारा राजा आहे. वेल्समध्ये जुन्या कबरींच्या विचित्र आणि दुःखद कथा गावोगाव सांगितल्या जातात. मॉन्टगोमेरी गावच्या चर्चच्या आवारात १८२१ साली फाशी गेलेल्या जॉन डेव्हिसची कबर आहे. मी निर्दोष आहे, माझ्या कबरीवर गवत उगवणार नाही, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. त्या सगळ्यांत मी गेलर्टची कबर निवडली, कारण ती उकरत गेलं की हात थेट आपल्या अंगणापर्यंत येतो. दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी येईल.

दगड आणि त्यावरची अक्षरं

एरेरी हा वेल्सचा सर्वांत उंच डोंगराळ मुलूख. इंग्रजीत त्यालाच स्नोडोनिया म्हणतात. तिथे ग्लासलिन आणि कोल्विन या दोन लहान नद्यांच्या संगमावर बेदगेलर्ट वसलंय. करड्या दगडाची घरं, मधोमध दगडी पूल, भोवती मेंढ्यांची कुरणं आणि त्यामागे डोंगर. गावातून ग्लासलिनच्या काठाकाठाने पायवाट निघते. थोडं चाललं की सपाट कुरणात एका झाडाखाली कुंपण घातलेली जागा दिसते. आत एक उभा दगड, आणि दोन पाटीच्या दगडांवर कोरलेला मजकूर, एक वेल्श भाषेत आणि एक इंग्रजीत.

मजकूर थोडक्यात असा. तेराव्या शतकात उत्तर वेल्सचा राजा लुएलिन याचा इथे वाडा होता. एके दिवशी तो शिकारीला निघाला, पण त्याचा इमानी कुत्रा गेलर्ट कुठे दिसेना. राजा परत आला तेव्हा कुत्रा रक्ताने माखलेला, आनंदाने उड्या मारत सामोरा आला. राजा घाबरून मुलाच्या खोलीत धावला. पाळणा रिकामा, अंथरूण आणि जमीन रक्ताने भरलेली. कुत्र्यानेच मूल खाल्लं असं समजून त्याने गेलर्टच्या कुशीत तलवार खुपसली. मरताना कुत्रा कळवळून ओरडला आणि त्या ओरडण्याला उत्तर म्हणून मुलाच्या रडण्याचा आवाज आला. मूल सुखरूप होतं. शेजारी गेलर्टने मारलेला भला मोठा लांडगा पडला होता. राजा त्यानंतर कधी हसला नाही असं म्हणतात. त्याने गेलर्टला इथे पुरलं.

यातला 'असं म्हणतात' हा शब्दप्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. सगळ्या मजकुरात तो एकदाच येतो, राजाच्या हसण्याबद्दल. बाकी सगळं घडलेली घटना म्हणून कोरलेलं आहे. वाडा होता, कुत्रा होता, लांडगा होता, आणि 'इथे पुरलं'. दगडावर कोरलेल्या वाक्याला वजन असतं. कागदावर हेच वाचलं तर माणूस गोष्ट म्हणून सोडून देईल. त्या झाडाखाली उभं राहून वाचताना मात्र गळा दाटतो. लोक तिथे कुत्र्यासाठी फुलं ठेवतात, लहान मुलं रडतात. शेजारच्या एका पडक्या घरात कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा बसवला आहे, त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय मुलांचा पाय निघत नाही.

गावाचं नाव कुणाचं?

'बेद' म्हणजे कबर. बेदगेलर्ट म्हणजे गेलर्टची कबर. कथेच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात मोठा पुरावा हाच: गावाचं नावच सांगतंय ना!

पण नाव जरा निरखून पाहावं. १२५८ सालच्या एका दस्तऐवजात ते 'बेकेलर्ट' असं येतं आणि १२६९ मध्ये 'बेदकेलर्ड' असं. दोन्ही ठिकाणी 'क' आहे. वेल्श भाषेत शब्द जोडले जाताना दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन पुष्कळदा मऊ होतं. येशूच्या आईला वेल्शमध्ये 'मायर' म्हणतात, पण तिच्या नावाच्या गावाला 'लानवायर'. आपल्या वाक् आणि ईश यांचा वागीश होतो, कानाला तसंच काहीसं. म्हणजे मूळ नाव केलर्ट. अभ्यासकांच्या मते केलर्ट हा प्राचीन ख्रिस्ती साधू. वेल्समध्ये अशा साधूंच्या नावांनी वसलेली गावं शेकड्यांनी आहेत. बेदगेलर्टला मध्ययुगात ऑगस्टिनियन पंथाचा मठ होता. गावचं मेरीचं चर्च त्याच मठाचा उरलेला भाग आहे. एखाद्या साधूच्या समाधीभोवती मठ उभा राहावा आणि मठाभोवती गाव, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्या साधूबद्दल फारसं काहीच उरलेलं नाही. ना चरित्र, ना चमत्कार, ना समाधी. उरलं ते फक्त नाव. आणि असं मोकळं पडलेलं नाव दुसऱ्या कुणालाही देता येतं.

हॉटेलवाल्याने उभा केलेला दगड

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि इंग्रज सुखवस्तूंची युरोपची सहल बंद पडली. मग घराजवळचे डोंगर, धबधबे, पडके किल्ले पाहण्याची हौस वाढली. वेल्सच्या वाटा चित्रं काढणाऱ्यांनी आणि कविता करणाऱ्यांनी भरून गेल्या. त्याच सुमारास, १७९३ च्या आसपास, दक्षिण वेल्समधून डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस बेदगेलर्टला आला. पुढे तिथे उभ्या राहिलेल्या गोट हॉटेलचा तो पहिला चालक.

इमानी कुत्र्याची आणि धन्याच्या पश्चात्तापाची गोष्ट प्रिचर्ड आपल्यासोबत घेऊन आला होता. गावाचं नाव त्याने पाहिलं. दोन्हींची सांगड घातली. राजा कोण? इथला सर्वांत नामांकित राजा थोरला लुएलिन, मग तोच. कुत्रा त्याला इंग्लंडच्या जॉन राजाने भेट दिला होता अशीही भर पडली, कारण जॉनची मुलगी लुएलिनला दिलेली होती. हा भाग इतिहासाशी बरोबर जुळत होता. राहिली कबर. गावच्या चर्चचा कारकून आणि आणखी एकाला हाताशी धरून प्रिचर्डने कुरणात दगड उभा केला. डी. ई. जेन्किन्स यांनी १८९९ साली या गावाच्या इतिहासावर आणि लोककथांवर ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा प्रकार त्यांनी गावकऱ्यांच्या आठवणींवरून उघड केला. दगड उभा करणाऱ्यांची माहिती गावात शिल्लक होती. लपवाछपवी अशी नव्हतीच, कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

बाकीचं काम कवितेने केलं. विल्यम रॉबर्ट स्पेन्सर हा इंग्रज कवी या भागात फिरायला आला होता. ऑगस्ट १८०० मध्ये त्याने गेलर्टवर कविता लिहिली. ती इतकी गाजली की हायडनसारख्या संगीतकाराने ती एका वेल्श चालीवर बसवली. मग लोक कविता वाचून कबर पाहायला येऊ लागले आणि कबर पाहून कविता पाठ करू लागले. दोन पिढ्यांनंतर गावातच जन्मलेल्या माणसाला हे 'पूर्वापार' वाटू लागलं.

प्रिचर्ड १८२१ मध्ये वारला. त्याच्याबद्दलही गावात एक कथा आहे. मृत्युपत्र न करताच तो गेला. मग त्याचं भूत हॉटेलच्या आसपास दिसू लागलं. कुणी जवळ जाईना. शेवटी त्याच्या एका जुन्या गड्याने धीर करून विचारलं, तेव्हा भुताने सांगितलं की हॉटेलातल्या शेकोटीच्या दगडाखाली शंभर गिनी आहेत, त्या माझ्या बायकोला दे. कबरीची गोष्ट रचणाऱ्याला मेल्यानंतर गावाने स्वतःच्या गोष्टीत घेतलं. त्याला गावाने खलनायक केलं नाही, हे मला फार बरं वाटतं. बायकोच्या काळजीने परत आलेला नवरा, असंच त्याला ठेवलं.

प्रिचर्डला नुसतं 'खोटारडा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. खोली भाड्याने जावी म्हणून त्याने हे केलं, यात शंका नाही. पण दगड काय, कुणीही उभा करील. दोनशे वर्षं माणसं त्यापुढे रडतात, ते दगडाच्या जोरावर नाही. त्याने जी गोष्ट निवडली तिच्यात आधीच हजार-दीड हजार वर्षांची ताकद साठलेली होती.

मुंगसाचा कुत्रा कसा झाला

पंचतंत्राचं पाचवं तंत्र अपरीक्षितकारक. नीट पारखून न पाहता केलेल्या कृतींच्या गोष्टी त्यात आहेत आणि ब्राह्मणीच्या मुंगसाची गोष्ट त्यातलीच. तिथे ब्राह्मणीने मुंगसाला आपल्या मुलासारखंच वाढवलेलं असतं, दूध पाजून, अंगाला तेल लावून. तरीही मनात एक शंका असते: जनावर ते जनावर. पाण्याला जाताना ती नवऱ्याला मुलाकडे लक्ष ठेवायला सांगते. नवरा भिक्षेला निघून जातो. पुढे जे व्हायचं ते होतं, आणि नवरा परत आल्यावर ती त्याच्यावर कडाडते, की तुझ्या लोभापायी हे झालं. हितोपदेशात हीच गोष्ट उलटी आहे. तिथे बायको आंघोळीला जाते, राजाकडून दानाचं बोलावणं आल्यामुळे नवरा मुंगसाला राखण ठेवून जातो, आणि परतल्यावर तोच मुंगसाला मारतो. म्हणजे भारतातच मारणारा हात एकदा बाईचा आहे आणि एकदा पुरुषाचा.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, तेच कलीला व दिम्ना. अरबीत मुंगसाची जागा त्याच्यासारखाच दिसणाऱ्या एका लहान चपळ प्राण्याने घेतली. दुसऱ्या वाटेने, सिंदबाद या ज्ञानी गुरूच्या (खलाशी सिंदबाद नव्हे) आणि सात शहाण्यांच्या कथासंग्रहांतून, हीच गोष्ट पश्चिमेकडे निघाली आणि त्या वाटेवर मुंगसाचा कुत्रा झाला. ज्या मुलखात मुंगूस घरात पाळत नाहीत, तिथे बाळाजवळ निर्धास्त सोडावं असं जनावर दुसरं कोणतं? नाग मात्र अजून टिकून होता. सात शहाण्यांचा संग्रह बाराव्या शतकानंतर युरोपभर पसरला आणि चौदाव्या शतकात वेल्श भाषेतही उतरला. प्रिचर्डच्या चारशे वर्षं आधी वेल्समध्ये पाळणा, कुत्रा आणि धन्याची तलवार ही गोष्ट लिहिलेली होती. पंधराव्या शतकाच्या शेवटी वॉरिकच्या जॉन राउसने तिथल्या सरदारघराण्याची एक सचित्र गुंडाळी तयार केली. तिच्यात वेल्सचं चिन्ह म्हणून शिरस्त्राणावर पाळण्यात उभा असलेला कुत्रा रेखाटलाय. गोष्ट वेल्समध्ये मुरलेली होती. तिला फक्त पत्ता नव्हता.

फ्रान्समध्ये तर हिचं काय झालं ते वाचून अंगावर काटा येतो. तेराव्या शतकात लिऑनजवळच्या दोंब भागात एतिएन द बुर्बों हा धर्मचौकशी करणारा पाद्री फिरत होता. कबुलीजबाब ऐकताना त्याला कळलं की बायका आजारी मुलांना घेऊन गिनफोर नावाच्या संताकडे नवस करायला जातात. हा संत कोण, असं विचारलं तर उत्तर मिळालं, कुत्रा. एका सरदाराच्या मुलाला नागापासून वाचवणारा, रक्ताने भरलेलं तोंड पाहून धन्याने मारलेला. त्याला गढीच्या दाराशी विहिरीत टाकून वर दगड रचले होते, भोवती झाडं लावली होती. गढी उजाड झाली आणि गावकऱ्यांनी त्या जागेला देवस्थान केलं. निरपराध मेला तो हुतात्मा, असा त्यांचा सरळ हिशेब.

तिथले विधी भयंकर होते. बायका तान्ह्या आजारी बाळांना दोन झाडांमधून नऊ वेळा इकडून तिकडे फेकत, झाडाच्या बुंध्याशी मेणबत्त्या लावून बाळाला उघडं ठेवून दूर जात, मग नदीच्या गार पाण्यात नऊ वेळा बुडवत. काही बाळं त्यातच दगावत. मुलाच्या रक्षणासाठी मेलेल्या कुत्र्याच्या समाधीवर मुलं मरत होती, आणि आणणाऱ्या आया त्यांच्यावर जीव टाकणाऱ्याच होत्या. एतिएनने कुत्र्याची हाडं उकरून जाळली आणि झाडं तोडली. तरीही सहाशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, त्या रानात नवस बोलायला येणाऱ्या बायका अभ्यासकांना भेटल्या.

आपल्याकडेही कथेने कबर मिळवली आहे. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं जुनं मंदिर आहे. बंजारा कर्जापायी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. कुत्रा सावकाराचा चोरीला गेलेला माल शोधून देतो. सावकार खूश होऊन कर्ज माफ झाल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला घरी पाठवतो. कुत्रा धावत येताना बंजाऱ्याला दिसतो, पळून आला या समजुतीने तो त्याला मारतो, आणि मग चिठ्ठी वाचतो. पाळणा नाही, नाग नाही, रक्तही नाही. तरी हीच गोष्ट.

लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरच्या कथाप्रकारांना क्रमांक दिले आहेत. त्यात हिचा क्रमांक १७८ अ. या कुळातल्या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की काय बदलतं ते चटकन दिसतं. प्राणी बदलतो, शत्रू बदलतो, हत्यार बदलतं, मारणारा कधी बाई असतो, कधी पुरुष. वेल्समध्ये नाग कुणाला घाबरवणार, तिथे रात्रीचं भय लांडग्याचं. पण एक गोष्ट सहसा बदलत नाही. जनावर आनंदाने धावत येतं. त्याने चांगलं काम केलंय हे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याच्यासाठी केलं त्यालाच ते दाखवायला ते येतं. बहुतेक ठिकाणी त्याचं तोंडभर रक्त हा त्याच्या निष्ठेचा पुरावा असतो आणि तोच गुन्ह्याचा पुरावा म्हणून वाचला जातो. आजीचा आवाज जिथे जड व्हायचा तिथेच हे सगळे थांबतात, एतिएनच्या गावकऱ्यांपासून प्रिचर्डच्या पाहुण्यांपर्यंत. संस्कृत पंडितांनी गोष्टीला अविचाराचं उदाहरण म्हणून बसवलं. सांगणाऱ्यांनी मात्र तिला त्या धावत येण्यासाठी जपलं, असं माझं ठाम मत आहे.

त्या राजाच्या घरी खरोखर काय झालं

आता दुसरं कारण. या दगडाने एका साधूचं नाव घेतलं, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्याने एका राजाला अविचारी ठरवलं आणि त्याच्या घरातली खरी दुःखं झाकून टाकली. ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

लुएलिन अब योर्वर्थ हा इ. स. १२४० मध्ये वारला. जवळजवळ चाळीस वर्षं त्याने वेल्सवर वर्चस्व ठेवलं, ते तलवारीइतकंच डोक्याच्या जोरावर. १२०५ मध्ये त्याचं लग्न जॉन राजाची अनौरस मुलगी जोन हिच्याशी झालं. वेल्श लोक तिला शुआन म्हणतात. बाप आणि नवरा यांच्यात तिने कितीदा तरी मध्यस्थी केली. १२३० साली विल्यम द ब्रॉस हा मोठा सरदार तिच्यासोबत राजाच्या खोलीत सापडला. लुएलिनने त्याला जाहीर फाशी दिली आणि शुआनला कैदेत टाकलं. इथपर्यंत पाटीवरच्या कथेतला रागावलेला लुएलिन ओळखू येतो.

पुढचं वाचा. याच विल्यमच्या मुलीशी, इझाबेलाशी, लुएलिनच्या मुलाचं, दाविथचं, लग्न ठरलेलं होतं. फाशीनंतर लुएलिनने विल्यमच्या विधवेला पत्र लिहून विचारलं, की ठरलेलं लग्न अजून करायचं आहे ना? आणि ते लग्न झालं. रागाच्या भरातही सोयरीक आणि तिच्यामागचं राजकारण न विसरणारा हा माणूस. साधारण वर्षभराने त्याने शुआनला परत बोलावलं आणि पुन्हा राणीच्या जागी बसवलं. १२३७ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या स्मरणार्थ त्याने अँगलसी बेटावर लानवाइस इथे मठ उभारला. तपासून न पाहता तलवार चालवणारा राजा ही प्रतिमा या माणसाला चिकटावी, याचं मला फार वाईट वाटतं. त्याने केलेली शिक्षा क्रूर होती, पण ती विचारपूर्वक होती. त्याची क्षमाही तशीच.

त्याला अबरकॉन्वीच्या मठात पुरलं. पुढे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मठ मेनानला हलवला. मठ मोडीत निघाल्यावर राजाची दगडी शवपेटी लानरूस्तच्या चर्चमध्ये आली. आजही ती तिथे आहे, उघडी आणि रिकामी. कुत्र्याच्या कबरीत कुत्रा नाही, राजाच्या पेटीत राजा नाही. बेदगेलर्टहून लानरूस्त एका दिवसात सहज करता येतं. पण गर्दी असते ती कुरणातल्या दगडापाशी.

लुएलिनच्या थोरल्या मुलाचं, ग्रिफिथचं, काय झालं? बापाने राज्य धाकट्या दाविथला दिलं आणि दाविथने भावाला कैद केलं. १२४१ मध्ये तो इंग्लंडच्या राजाच्या हाती पडला आणि लंडनच्या टॉवरमध्ये बंद झाला. १ मार्च १२४४, वेल्सच्या दाविद संताचा दिवस. ग्रिफिथने चादरी आणि कापडं बांधून दोर केला आणि उंच खिडकीतून खाली उतरायला लागला. तो अंगाने भारी होता. दोर तुटला आणि तो मान मोडून मेला. मॅथ्यू पॅरिस या समकालीन बखरकाराने त्याच्या पडण्याचं चित्रच काढून ठेवलंय: डोकं खाली, पाय वर. चार वर्षांनी दोन मठाधिपतींनी मागणी करून त्याचा देह परत आणला आणि बापाशेजारी पुरला.

ग्रिफिथचा मुलगा तो शेवटचा लुएलिन. वेल्सचा स्वतंत्र राजा म्हणून ज्याचं नाव शेवटी लागतं तो. आणि पाटीवरच्या गोष्टीतला पाळणा इथे खरोखर येतो. जून १२८२ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या आबर इथे त्याला मुलगी झाली, ग्वेनलियन. आई एलिनॉर बाळंतपणातच गेली. ११ डिसेंबर १२८२ रोजी किलमेरीजवळ बाप एडवर्डच्या सैनिकांकडून मारला गेला. त्याचं शिर लंडनला नेऊन टॉवरवर टांगलं. पुढच्या वर्षी काका पकडला गेला आणि श्रूस्बरीला हालहाल करून मारला गेला. त्याचे दोन लहान मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडले. एक १२८७ मध्ये तिथेच मेला. दुसरा, ओवेन, मोठा झाला तरी कैदेतच होता, आणि १३०५ मध्ये आज्ञा निघाली, की त्याला रात्री लोखंडी पट्ट्या मारलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावं.

ग्वेनलियन तेव्हा तान्ही होती. मारणं शक्य नव्हतं, मोकळी सोडणंही नाही, कारण तिच्या पोटी वारस जन्मला असता. तिला इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात नेऊन ठेवलं. कधी लग्न होऊ नये, कधी वेल्स दिसू नये, अशी व्यवस्था. तिने तिथे ५४ वर्षं काढली आणि जून १३३७ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. तिच्या आजूबाजूला वेल्श बोलणारं कुणी नव्हतं. मठाच्या आणि राजाच्या कागदांत तिचं नाव 'वेंसिलियन' असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. आपलं नाव कसं उच्चारायचं हे सांगणारं माणूस तिला उभ्या आयुष्यात भेटलं नसावं. तिच्या पाळण्याशेजारी धावत येणारं, रक्ताने माखलेलं कुणी नव्हतं.

मला बेदगेलर्टचा दगड हलवावा असं वाटत नाही. आजीचं मुंगूस इतक्या लांब जाऊन कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणतंय, ही काही लहान गोष्ट नाही. त्या पाटीशेजारी तिसरी पाटी मात्र हवी, केलर्ट साधूची, प्रिचर्डची आणि पंचतंत्राची. आणि जी मुलं 'इमानी कुत्रा' ऐकून तिथे रडतात, त्यांना कुणीतरी ग्वेनलियनचंही सांगावं.

तिची कबर सापडत नाही. सेम्प्रिंगमचा मठ सोळाव्या शतकात मोडला, दगड विकले गेले, आणि आता तिथे शेतं आहेत, एका जुन्या चर्चशेजारी. तिच्या नावाचा एक स्मृतिदगड तिथे उभारलाय. आणि आबरच्या मागच्या डोंगररांगेत कार्नेद उखाव नावाचं शिखर होतं, म्हणजे वरची दगडरास. २००९ साली ब्रिटनच्या सरकारी नकाशावर त्याचं नाव बदललं. आता तिथे लिहिलंय, कार्नेद ग्वेनलियन.